लॉटरीच्या पैशातून खरंच शाळा चालतात का? शंभर रुपयांच्या तिकिटाचा पूर्ण हिशेब

"अमेरिकेत लॉटरीच्या पैशावर पोरं शिकतात, मग आपल्याकडं का नाय?" हा सवाल अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. त्यासोबत एखादं पोस्टर असतं, त्यावर आकडे असतात, आणि खाली लिहिलेलं असतं की सगळ्या ग्रुपला पाठवा. गळकं छप्पर आणि दोन शिक्षकांवर चार वर्ग चालवणारी शाळा रोज बघणाऱ्या माणसाला हा सवाल पटकन पटतो. लोक तिकिटं घेतातच, मग तो पैसा शाळेला द्यायला काय जातंय?

तिथं लॉटरीचा पैसा शिक्षणाला जातो ही गोष्ट खरी आहे. पण किती जातो, गेल्यावर शाळेचं बजेट खरंच वाढतं का, आणि तो पैसा कुणाच्या खिशातून येतो, हे पोस्टरवर कधीच नसतं. आधी आपल्याकडची लॉटरी चालते कशी ते बघू. ते कळल्याशिवाय अमेरिकेचा हिशेब डोक्यात बसणार नाही.

तिकीट कोण काढतं, पैसा कुठं जातो

आपल्या देशात खाजगी माणसाला लॉटरी काढता येत नाही. ती फक्त सरकार काढू शकतं, आणि त्यासाठी १९९८ चा लॉटरी (विनियमन) कायदा आहे. तिकीट राज्य सरकारनंच छापायचं, त्यावर सरकारचं चिन्ह हवं. विक्री सरकारनं स्वतः किंवा वितरक-एजंटांमार्फत करायची. विक्रीचा पैसा राज्याच्या सरकारी खात्यात जमा झाला पाहिजे. सोडत राज्य सरकारनंच आणि त्या राज्यातच काढायची. एका लॉटरीची आठवड्यात एकच सोडत, आणि वर्षात बंपर सोडती जास्तीत जास्त सहा. एक आकडी लॉटरीला, म्हणजे मटक्यासारख्या आकड्याला, साफ बंदी. जे बक्षीस कुणी न्यायला आलंच नाही, ते सरकारचं होतं. कायदा मोडला तर दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी किंवा दंड, किंवा दोन्ही.

आता तुम्ही म्हणाल, आठवड्यात एक सोडत, तर मग केरळात रोज सोडत कशी निघते? त्याला साधी युक्ती आहे. दर वारची लॉटरी वेगळ्या नावाची. कायद्याच्या लेखी ती प्रत्येक वेगळी लॉटरी, म्हणून आठवड्यात एकेकच सोडत.

महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ ला सुरू झाली. त्या काळात मटक्यानं घरंच्या घरं धुऊन नेली होती. लोकांना आकडा लावायचाच असेल तर निदान तो उघड, सरकारी आणि हिशेबाचा असावा, आणि सरकारलाही चार पैसे मिळावेत, असा तो विचार. आजही ही लॉटरी वित्त विभागाच्या अखत्यारीत आहे. त्यातून येणारा पैसा राज्याच्या तिजोरीत जातो आणि तिथून राज्याच्या इतर पैशात मिसळतो. ‘शिक्षणासाठी’ म्हणून त्याचा वेगळा गल्ला नाही. त्यामुळं "आपल्या तिकिटावर अमुक शाळा बांधली" असं महाराष्ट्रात कुणी सांगत असेल तर ते तितकंसं खरं नाही. शाळा तिजोरीतून बांधली, आणि तिजोरीत दारूच्या करापासून जमिनीच्या मुद्रांकापर्यंत सगळंच येतं.

सीमाभागातल्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लॉटरी चालू ठेवायची की नाही हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. तमिळनाडूनं २००३ मध्ये आणि कर्नाटकानं २००७ मध्ये लॉटरी बंद केली. म्हणजे आपल्या गावात टपरीवर उघड विकलं जाणारं तिकीट, शिव ओलांडून पलीकडच्या गावात विकलं तर गुन्हा होतो. सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये निकाल देताना हेही स्पष्ट केलं होतं, की सरकारनं काढली म्हणून लॉटरीचं जुगारपण जात नाही. ज्या राज्यानं स्वतःची लॉटरी बंद केली, ते इतर राज्यांची तिकिटंही अडवू शकतं.

शंभरातले किती कुणाचे

समजा तिकीट १०० रुपयांचं आहे. सरकारच्या हाती यातलं किती उरेल?

सगळ्यात आधी जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर ४० टक्के जीएसटी लागतो. त्याआधी तो २८ टक्के होता. हा कर तिकिटाच्या छापील किमतीतच धरलेला असतो. म्हणजे मूळ किंमत ७१ रुपये ४३ पैसे आणि त्यावर ४० टक्के, म्हणजे २८ रुपये ५७ पैसे, मिळून १००. हे साडेअठ्ठावीस रुपये केंद्र आणि राज्य निम्मे-निम्मे वाटून घेतात.

उरलेल्या ७१ रुपयांत बाकी सगळं भागवायचं. बक्षिसं त्यातून, टपरीवाल्याचं कमिशन त्यातून, वरच्या एजंटाचं आणि वितरकाचं त्यातून, छपाई, जाहिरात, सोडतीचा खर्चही त्यातूनच. यात बक्षिसांचा वाटा सगळ्यात मोठा असतो, आणि तो कमी करून चालत नाही. बक्षीस लहान झालं की गिऱ्हाईक दुसऱ्या राज्याच्या तिकिटाकडं वळतं, नाहीतर परत मटक्याकडं. हे सगळं भागवून जे राहतं ते सरकारचा नफा.

केरळचं उदाहरण घ्या. देशातली पहिली सरकारी लॉटरी तिथली. १९६७ मध्ये तिथले अर्थमंत्री पी. के. कुंजू साहेब यांनी ती सुरू केली. तिकीट एक रुपयाचं, पहिलं बक्षीस ५० हजारांचं, आणि पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ ला निघाली. आज केरळची वर्षाची तिकीट विक्री दहा हजार कोटींच्या पुढं आहे. एवढा आकडा ऐकला की डोळे पांढरे होतात. पण ती विक्री आहे, कमाई नव्हे. दुधाचा टँकर डेअरीत गेला म्हणून सगळा पैसा डेअरीचा होत नाही, त्यातला बराचसा गवळ्यांना परत द्यायचा असतो. तसंच हे. केरळात या विक्रीवर लाखाच्या वर एजंट आणि विक्रेते पोट भरतात, त्यात अपंग आणि म्हातारी माणसं भरपूर आहेत. लॉटरीचा सगळ्यात खात्रीचा फायदा त्यांनाच होतो असं म्हटलं तरी चालेल. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लॉटरीतून एवढे हजार कोटी’ असं वाचलं की पहिला प्रश्न हाच विचारा: हा विक्रीचा आकडा की सगळं भागवून उरलेला?

बक्षीस लागलं तरी हिशेब संपत नाही. दहा हजारांच्या वरच्या बक्षिसातून ३० टक्के आयकर आधीच कापून घेतात. त्यावर ४ टक्के उपकर धरला की एकूण ३१.२ टक्के होतात. म्हणजे एक लाख लागले तर हातात ६८ हजार ८०० रुपये. "माझं तर काहीच उत्पन्न नाही, शेती आहे, मला टॅक्स कसा?" असा प्रश्न बरेच जण विचारतात. लॉटरीच्या बक्षिसाला किमान उत्पन्नाची सूट मिळत नाही, आणि शेतीच्या उत्पन्नाची सवलतही त्याला लागू होत नाही. भूमिहीन मजुराला लागलं तरी तेवढाच कर, कारखानदाराला लागलं तरी दर तोच; बक्षीस ५० लाखांच्या वर गेलं तर वरून अधिभारही.

अमेरिकेत हे सुरू कसं झालं

अमेरिकेत लॉटरीचा आणि शिक्षणाचा संबंध फार जुना आहे. हार्वर्ड हे जगभर गाजलेलं विद्यापीठ, त्याच्याही इमारतीसाठी एके काळी लॉटरी काढली होती. पुढं एकोणिसाव्या शतकात लॉटरीत लबाड्या इतक्या वाढल्या की राज्यांनी एकेक करून ती बंद केली. मग साठ-सत्तर वर्षं तिथं सरकारी लॉटरीच नव्हती.

ती परत आली १९६४ मध्ये, न्यू हॅम्पशायर नावाच्या छोट्याशा राज्यात. त्याचं कारण मजेशीर आहे. त्या राज्यात पगारावर राज्याचा आयकर नाही आणि दुकानातल्या मालावर विक्रीकरही नाही. लोकांना कर नको, पण शाळा तर हव्यात. मग पैसा आणायचा कुठून? तेव्हा लॉटरी काढली, तीन डॉलरचं तिकीट ठेवलं, सोडत घोड्यांच्या शर्यतीशी जोडली आणि मिळणारा पैसा शिक्षणाला द्यायचं ठरलं. ‘शिक्षणासाठी’ हे नाव लागलं की विरोध करणाऱ्यांचाही आवाज जरा खाली येतो, हे बाकीच्या राज्यांनी बघितलं. तीन वर्षांनी न्यूयॉर्कनं तोच कित्ता गिरवला. आज अमेरिकेतल्या पन्नासपैकी ४५ राज्यांत सरकारी लॉटरी आहे, आणि त्यातल्या बऱ्याच राज्यांत नफ्याचा सगळा किंवा काही वाटा शिक्षणाकडं जातो.

तिथं साधारण हिशेब असा असतो: तिकिटाच्या रुपयातले दहा आणे बक्षिसात जातात, एखादा आणा दुकानदाराला, थोडं कारभाराला, आणि चार आण्यांच्या आसपास राज्याला उरतं. म्हणजे शंभरातले पंचवीस. उरलेले पंच्याहत्तर शाळेचं तोंडही बघत नाहीत. तुम्हाला शाळेला मदतच करायची असेल तर शंभराची नोट थेट मुख्याध्यापकांकडं पावती घेऊन दिलेली बरी, असं कुणी म्हटलं तर त्याचं गणित चुकीचं नाही.

जॉर्जियाची गोष्ट

लॉटरी आणि शिक्षण म्हटलं की अमेरिकेत सगळ्यात आधी नाव निघतं जॉर्जिया राज्याचं. अटलांटा शहर ज्याची राजधानी, ते दक्षिणेकडचं राज्य. लोकसंख्या कोटीच्या थोडी वर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या आसपासचीच.

झेल मिलर हे डोंगराळ खेड्यातून आलेले पुढारी. लॉटरी आणीन आणि तिचा पैसा शिक्षणालाच लावीन, असा शब्द देऊन १९९० मध्ये ते गव्हर्नर म्हणून निवडून आले. हे राज्य धार्मिक, चर्चवाल्यांचा लॉटरीला कडाडून विरोध. नोव्हेंबर १९९२ मध्ये लोकांचं मत घेतलं, तेव्हा प्रस्ताव थोडक्यात पास झाला. जून १९९३ मध्ये तिकीट विक्री सुरू झाली.

मिलर यांनी एक गोष्ट फार हुशारीनं केली. लॉटरीचा पैसा शाळांच्या नेहमीच्या खर्चात टाकलाच नाही. जे आधी नव्हतंच अशा दोन नव्या कामांना तो लावला. एक, ‘होप’ नावाची शिष्यवृत्ती. ज्या मुलाला शाळेत सरासरी ‘बी’ ग्रेड आहे, त्याला राज्यातल्या सरकारी कॉलेजात फी माफ. दुसरं, चार वर्षांच्या मुलांसाठी फुकट बालवर्ग, आपल्या बालवाडीसारखा पण शाळेच्या दर्जाचा. १९९५ पासून हा वर्ग आईबापाचं उत्पन्न न बघता सगळ्यांना खुला झाला. कायद्यातही लिहून ठेवलं की लॉटरीचा पैसा आधीच्या खर्चात भर म्हणून वापरायचा, आधीच्या खर्चाच्या जागी नाही.

तेव्हापासून २५ अब्ज डॉलरहून जास्त पैसा त्या लॉटरीतून शिक्षणाला गेला. २० लाखांहून जास्त मुलं होप शिष्यवृत्तीवर शिकली. हे खोटं नाही, आणि लहान तर मुळीच नाही. ज्या घरातून आधी कुणी कॉलेजचं तोंड बघितलं नव्हतं, अशा घरांतली पोरंही त्यात आहेत.

पण २०११ साली गाडी अडली. कॉलेजची फी वाढत गेली, शिष्यवृत्तीला पात्र पोरं वाढत गेली, आणि लॉटरीचा नफा काही त्या वेगानं वाढेना. शेवटी राज्यानं कात्री लावली. पुस्तकांचे पैसे बंद केले, पूर्ण फी फक्त अगदी वरच्या गुणांच्या मुलांना ठेवली, बाकीच्यांना फीचा काही भागच मिळू लागला. पुढं बऱ्याच वर्षांनी ती पुन्हा वाढवली, पण मधल्या काळात शिकलेल्या मुलांना त्याचा काय उपयोग? लॉटरीच्या उत्पन्नावर कायमचा खर्च बांधला की हे होतं. पगार, फी, दुरुस्ती हे दर वर्षी वाढतंच जातं. तिकिटाची विक्री मात्र लोकांच्या मर्जीवर.

बाप हात आखडता घेतो तेव्हा

इतर राज्यांत हिशेब जास्तच गुंतागुंतीचा झाला. कॅलिफोर्नियानं १९८४ मध्ये लोकमत घेऊन लॉटरी आणली. विक्रीतले निदान ३४ टक्के शाळा-कॉलेजांना द्यायचे असं तेव्हा ठरलं. लोकांना वाटलं आता शाळांचा प्रश्न मिटला. प्रत्यक्षात तिथल्या शाळांच्या एकूण खर्चात लॉटरीचा वाटा एक टक्क्याच्या आसपास आहे. तरी लोकांच्या मनात मात्र "शाळांना काय, लॉटरीचा पैसा मिळतो की" असं पक्कं बसलं. शाळेसाठी कर वाढवायचा म्हटलं की हेच उत्तर मिळतं.

फ्लोरिडात १९८८ मध्ये लॉटरी सुरू झाली, तीही शिक्षणाच्या नावावर. काही वर्षांत लोकांची तक्रार सुरू झाली की एका हातानं लॉटरीचा पैसा शाळेला दिला आणि दुसऱ्या हातानं सरकारनं स्वतःचा वाटा काढून घेतला.

हे कसं होतं ते आपल्या घरातल्या उदाहरणानं सांगतो. पोराच्या शिक्षणाला बाप वर्षाला वीस हजार घालतो. एके वर्षी मामा म्हणतो, मी दरवर्षी पाच हजार देत जाईन, पण फक्त शिक्षणासाठी. मामाचा पैसा शिक्षणालाच जातो, पावती पण आहे. पण बाप आता वीसऐवजी पंधराच घालतो आणि पाच हजार मोटारसायकलच्या हप्त्याला वळवतो. पोराच्या शिक्षणावर खर्च किती? पूर्वीइतकाच, वीस हजार. मामाला वाटतं मी शिकवलं, आणि खरं तर त्याच्या पैशानं मोटारसायकल आली. यात कुणी खोटं बोललं नाही, हीच तर गंमत आहे.

जॉर्जियात हे कमी झालं, कारण तिथं पैसा नव्या कामाला लावला. फ्लोरिडानंही १९९७ मध्ये तोच मार्ग धरला आणि लॉटरीच्या पैशातून वेगळी शिष्यवृत्ती सुरू केली. ‘शिक्षणासाठी’ एवढ्या एका शब्दावर भागत नाही. शिक्षणातल्या कुठल्या कामासाठी, आणि ते काम आधी कोण करत होतं, हे लिहून ठेवावं लागतं.

देणारा कोण, घेणारा कोण

जॉर्जियाच्या चांगल्या गोष्टीलाही एक दुखरी बाजू आहे. तिथल्या लॉटरीवर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की कमी उत्पन्नाची घरं आपल्या कमाईच्या मानानं तिकिटांवर जास्त खर्च करतात. होप शिष्यवृत्तीचा फायदा मात्र तुलनेनं चांगल्या स्थितीतल्या, जास्त शिकलेल्या घरांना जास्त मिळतो. कारण सरळ आहे. चांगले गुण मिळवायला चांगली शाळा, शिकवणी, घरात अभ्यासाची जागा लागते. आणि सुरुवातीला या शिष्यवृत्तीला घरच्या उत्पन्नाची अट होती, ती १९९५ मध्ये काढून टाकली.

दुसऱ्या एका अभ्यासात तर असं निघालं की होप शिष्यवृत्ती आल्यावर जॉर्जियातल्या सुखवस्तू भागांत गाड्यांची खरेदी वाढली. आईबापांनी फीसाठी बाजूला ठेवलेला पैसा मोकळा झाला, आणि पोराला गाडी आली. वरची मोटारसायकल आठवली ना? तिथं ती चारचाकी होती, एवढाच फरक. म्हणजे रोजंदारीवरच्या माणसानं पेट्रोल पंपावर घेतलेल्या तिकिटातून दुसऱ्याच्या पोराची गाडी. बालवर्गाचं तसं नाही. तिथं गुणांची अट नसल्यानं गरिबाच्या पोरालाही तो तितकाच मिळाला. मला विचाराल तर जॉर्जियाच्या लॉटरीतलं खरं चांगलं काम बालवर्गाचं, शिष्यवृत्तीचं नंतर.

लॉटरीला ‘खुशीचा कर’ म्हणतात. कुणी जबरदस्ती करत नाही, ज्याला द्यायचा तोच देतो. ते बरोबर आहे. पण खुशीनं देणाऱ्यांची रांग बघितली तर त्यात बागायतदार कमी आणि हमाल, रिक्षावाले, शेतमजूर जास्त दिसतात. ज्याला दुसरीकडून मोठी रक्कम मिळायचा रस्ताच नाही, त्यालाच तिकीट ओढतं. अमेरिकेतल्या पॉवरबॉल लॉटरीत पहिलं बक्षीस लागण्याची शक्यता २९ कोटी २२ लाखांत एक आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. अडीच महाराष्ट्रांहून जास्त माणसं एका मैदानात उभी करा, डोळे मिटून एकाच्या डोक्यावर हात ठेवा, आणि तो तुम्हीच निघालं पाहिजे.

हे वाचून कुणी ऑनलाइन अमेरिकेचं तिकीट घ्यायला जाऊ नये. भारतातून परदेशी लॉटरीच्या तिकिटासाठी पैसे पाठवायला परकीय चलनाच्या नियमांनी बंदी आहे. केरळचं तिकीटही ऑनलाइन मिळत नाही, ते कागदीच असतं. फेसबुकवर कुणी विकत असेल तर तो चोर समजा. आणि न घेतलेल्या तिकिटाला बक्षीस लागत नसतं. ‘केबीसीची २५ लाखांची लॉटरी लागली, आधी प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन आला तर कट करून १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. खरं बक्षीस असेल तर कर बक्षिसातून कापतात, तुमच्याकडून आधी भरून घेत नाहीत.

आपल्याकडं केलं तर?

एखाद्या कामासाठी लॉटरी, ही कल्पना आपल्या देशाला नवी नाही. केरळनं २०११ मध्ये ‘कारुण्य’ नावाची लॉटरी काढली. तिच्या नफ्यातून कॅन्सर, हृदयविकार, किडनीच्या गरीब रुग्णांना उपचाराची मदत द्यायची असं ठरलं, आणि हजारो घरांना ती मिळाली. इथंही जॉर्जियासारखंच होतं: काम नेमकं, नाव घेऊन सांगता येईल असं.

पण महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळा लॉटरीवर चालवायच्या म्हटलं तर? राज्याचा शालेय शिक्षणाचा वर्षाचा खर्च ५० हजार कोटींच्या पुढं आहे, त्यात मोठा वाटा शिक्षकांच्या पगाराचा. आपण ५० हजारच धरू. अमेरिकेसारखे तिकिटामागं शंभरातले पंचवीस रुपये सरकारला उरले असं उदारपणे धरू (आपल्याकडं जीएसटीच एवढा आहे की ते अवघड, तरी धरू). तर वर्षाला २,००० कोटी तिकिटं विकावी लागतील. माणशी १७८ तिकिटं. पाळण्यातल्या बाळापासून आजीपर्यंत प्रत्येकानं एक दिवसाआड शंभराचं तिकीट घ्यायचं, आणि पाच माणसांच्या घरानं वर्षाला ८९ हजार रुपये घालायचे. एवढं केलं तर शाळांचा फक्त आजचाच खर्च भागेल, त्यात नवीन छप्पर नाही.

आणि ‘शिक्षणासाठी’ म्हणून घेतलेला पैसा शिक्षणापर्यंत पोचतो का, याचा आपला अनुभव लॉटरीपेक्षा करातून जास्त आहे. केंद्र सरकार २००४ पासून आयकर आणि इतर करांवर शिक्षण उपकर घेतं. आधी २ टक्के प्राथमिक शिक्षणासाठी होता, मग त्यात माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी १ टक्का वाढला. प्राथमिकच्या पैशासाठी ‘प्रारंभिक शिक्षा कोष’ हा वेगळा निधी काढला. माध्यमिकच्या पैशासाठी मात्र बरीच वर्षं तसा निधीच नव्हता. कॅगनं आपल्या अहवालात बोट ठेवलं, की २००६-०७ ते २०१६-१७ या काळात माध्यमिक आणि उच्च शिक्षणाच्या नावानं गोळा झालेले ८३ हजार कोटींहून जास्त रुपये सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतच राहिले. त्यासाठीच्या वेगळ्या निधीला मंजुरी मिळाली २०१७ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे दहा वर्षांनी.

उद्या कुठल्या पुढाऱ्यानं सभेत "लॉटरीचा पैसा शाळांना देऊ" असं सांगितलं, तर त्याला तीन गोष्टी विचारता येतील. शंभरातले किती? कुठल्या नव्या कामाला? आणि आज त्या शाळेवर तिजोरीतून होणारा खर्च तेवढाच राहील असं कायद्यात लिहून देणार का? आपल्या शाळेला आज कुठल्या योजनेतून किती पैसे आले, ही माहिती तर आत्ताही मागता येते. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ती ठेवायला सांगा. समितीतले तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात.